पुढच्या खुंटीचं लिंबू

तांबडवाडीत रोगराई कधी जन्माला येत नाही. ती बाहेरगावाहून येते, पाहुणीसारखी चार दिवस राहते आणि ओढ्यापलीकडे निघून जाते, असं गावाचं ठाम मत होतं. ओढ्यापलीकडे जिल्हा बदलतो. पलीकडच्या वाडीचंही हुबेहूब हेच मत होतं; फक्त दिशा उलटी.

यंदाची पाहुणी वैजीनाथच्या घरी उतरली. निदान गावानं तरी तिला तिथं उतरवून दिलं.

त्याची बायको धुरपदाबाई तेव्हा सरपंच दत्तरावाच्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होती. लोखंडी चिमट्यात पऱ्हाटीचं बूड धरायचं, दांड्यावर सगळं अंग टाकायचं, की मूळ कट्‌दिशी बोलून मोकळं होतं. एक झालं की दुसरं. वैशाखाच्या उन्हानं काळी भुई टाचेला चावत होती. हातावरचे कोयत्याचे घट्टे अजून ओले होते, त्यावर आता चिमट्याचे चढत होते. शेजारच्या तासाला, म्हणजे ओळीला, तिचा पोरगा परमेश्वर होता. कारखान्याचा पट्टा यंदा उशिरा पडला, म्हणजे ऊस संपून तोड थांबायला वेळ लागला. हनुमान जयंती उसाच्या फडातच गेली, गावचा भंडारा हुकला, आणि त्यानंतर कुठं टोळी गावात परतली. वैजीनाथनं घरात पाय ठेवताच नळाच्या पाण्याचे दोन तांबे घटाघटा रिचवले. "आपल्या गावचं पानी लय गोड गं," असं म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी बाजेवर आडवा झाला.

मुंजाजी बांधावरून घागर घेऊन आला. हा ग्रामपंचायतीचा नळ सोडायचा आणि उरलेल्या वेळात सरपंचाचं पडेल ते काम करायचा. उरलेला वेळच जास्त असे.

"वंजळ कर, काकू."

"कामून रं? तांब्या फुटला का?"

"तांब्या हाय. मालक म्हनले, वरून वाढ."

"सकाळी तर ह्याच तांब्याला तोंड लावून पेले मी."

"सकाळी काकाची खबर नव्हती ना गावात." मुंजाजीनं नजर पायाच्या अंगठ्याकडे नेली. "अन् मालक म्हनले, हे तास झालं की घरला जावा. उद्यापून येऊ नगा."

धुरपदाबाईनं हातातला चिमटा भुईत रोवला. "तास झालं की? म्हंजे रोग तास संपस्तोर दम धरनार हाय म्हन की. लय समजूतदार रोग हाय तुझ्या मालकाचा!"

परमेश्वर चिमटा टाकून निघालाच होता. तिनं त्याला हातानं थांबवलं. हाती घेतलेलं तास अर्धं सोडायची तिला सवय नव्हती. तिनं ते शेवटच्या पऱ्हाटीपर्यंत नेलं, चिमटा बांधावर ठेवला आणि पाणी न पिता घरी गेली.

घरी वैजीनाथची बाज मधोमध उसवून खाली बादली ठेवलेली. गालफडं आत गेलेली, पिंढऱ्यांत गोळे येत होते. सून ज्ञानेश्वरी पायाला हात लावून बसली होती. आरोग्य केंद्रात सलाईन लावून आणलं होतं; आता दर घडीला मीठ-साखरेचं पाणी. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची.

"धुरपदे," तो क्षीण आवाजात म्हणाला, "गटारीच्या काठाला कोपी टाकून सहा म्हैने काढले. ढेकळावानी भाकरी खाल्ली. तवा कायबी झालं न्हाई. मपल्या गावात येऊन हे व्हावं?"

"बोलू नगा. पानी प्या."

"पेतो. पर गावाला इचार, हे इमानदारीचं वागनं हाय का?"

हापशावर गेली तर बाया बाजूला सरकल्या. इतकी मोकळी जागा तिला आजवर लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणी दिली नव्हती. तिची घागर भरल्यावर एकीनं दांडा राखेनं घासला, दुसरीनं वरून पाणी ओतलं. धुरपदाबाई घागर कमरेवर घेऊन बघत उभी राहिली.

"नीट घास गं बाई. खालून ऱ्हायलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नीलम मॅडम दोन कर्मचारी घेऊन घरोघर फिरल्या. वय फार नव्हतं. परभणीच्या शिकलेल्या, बोलायला नीट. प्रत्येक दारात एकच प्रश्न: घरात कुणाला जुलाब, उलटी? आणि प्रत्येक दारात एकच उत्तर: आमच्यात कुणालाच नाही. मात्र मीठ-साखरेची पाकिटं सगळ्यांना हवी होती. कुणाला पाहुण्यांसाठी, कुणाला उन्हाळ्यासाठी, एकाला वासरासाठी. आजारी कोणीच नव्हतं आणि दुपारपर्यंत पाकिटं संपली.

सरपंचाच्या घरी दत्तरावानं स्वतः खुर्ची टाकली. मुलीचं, राजेश्रीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. दाराशी मांडवाचे बांबू पडले होते. साथ जाहीर झाली तर नळ बंद होणार, फलक लागणार, पाहुणे पाय मागं घेणार. त्याची आई कमलबाई आतल्या खोलीत होती. ती मध्यंतरी गंगाखेडला डोळे दाखवायला गेली होती, असं त्यानं कुणी विचारलं नसताना सांगितलं. पाण्याचा नमुना मुंजाजीनं बाटलीत भरून दिला. तो लग्नासाठी आणलेल्या जारचा होता, त्यामुळे पुढे त्याचा अहवाल फार चांगला आला.

संध्याकाळी मॅडम वैजीनाथच्या अंगणात टेकल्या. ज्ञानेश्वरीनं उकळून गार केलेलं पाणी दिलं. त्या ते तांब्याला तोंड लावून प्यायल्या. धुरपदाबाईनं ते बघून ठेवलं.

"मावशी, अख्ख्या गावात माझ्याकडं एकच आजारी आहे. तुमचे मालक."

"अन् बाकीचे परसाकडं काय हवा खायला जायलेत का?"

मॅडम हसल्या नाहीत; हसायचं त्राण नव्हतं. "मला दिसतंय हो. पण कुणी कबूल होत नाही. वर फोन केला तर साहेब म्हणतात, एका माणसाची साथ होत नसते. बाहेरून आलेला रुग्ण असं लिहा आणि विषय संपवा."

"बाहेरून म्हंजे आमी?"

"तुम्ही. तुमच्या आधी गावात कुणीच पडलं नाही, असं सरपंचांनी लिहून दिलंय. म्हणजे रोग तुम्ही आणला. पण तुम्ही यायच्या आधीच गावात कुणी पडलं असेल, तर रोग इथल्याच पाण्यातला. मग मी आजच्या आज नळ बंद करून पाइप उकरायला लावीन. तोवर लोक तेच पाणी पीत राहणार."

"आमच्या आदी कोन पडलं, येवढंच पायजे?"

"एवढंच. त्यांच्या तोंडून."

त्या गेल्यावर धुरपदाबाई बराच वेळ अंगण झाडत बसली. अंगण सकाळीच झाडून झालं होतं.

पारावर बैठक बसली तेव्हा बोलावणं फक्त परमेश्वरला होतं. धुरपदाबाई आपली आपण गेली आणि पाराच्या खाली, बायांच्याही पुढे, उकिडवी बसली.

ठरलं ते असं. मंगळवारी मरीआईचा गाडा काढायचा. ही गावाची जुनी रीत. निंबाच्या लाकडाचा कमरेएवढा गाडा, चारी बाजूंनी खुंट्या. ज्या घरात जेवढे आजारी, तेवढी लिंबं त्या घरानं हळद-कुंकू लावून खुंटीला बांधायची. देवीला ना एक कमी सांगायचा, ना एक जास्त; तिला फसवलं की ती मुक्काम वाढवते. मग गाडा ओढत ओढ्यापलीकडे नेऊन सोडायचा, मागं वळून बघायचं नाही. पलीकडची वाडी काठ्या घेऊन उभी असते, हा त्यांच्या रितीचा भाग.

"अन् गाड्यामागं," दत्तराव घसा साफ करून म्हणाला, "वैजीनाथच्या घरच्यायनीबी पलीकडं जावं. ओढ्याकाठी आपली झोपडी हाय, तिथं ऱ्हावा. पाऊस पडला की या खुशाल. हकालपट्टी समजू नगा. गावाच्या भल्याचं हाय."

"मानूस बाजेवर हाय," परमेश्वर म्हणाला.

"बाज नेऊ की. गडी देतो मी."

"सरपंच," धुरपदाबाई खालून म्हणाली, "एक डाव समद्याम्होरं सांगा. रोग कोनी आनला?"

"आता ते कशाला उगाळायलीस, बाई..."

"न्हाई, सांगा. मला इसर पडतो."

दत्तरावानं चारी बाजूला पाहिलं. माना हलत होत्या. "तुमच्या घरानं आनला. समद्याच्या आदी वैजीनाथ पडला. देवी पयली तुमच्या घरी उतरली. गावात लेकराला इचार."

"झालं," ती म्हणाली आणि लुगडं झटकून उठली. परमेश्वरला वाटलं, आई हरली. तो घरी येऊन बोचकी बांधायला लागला, तर तिनं बांधलेलं एक सोडलं आणि त्यावर एक लिंबू ठेवलं.

"मंगळवारी दुपारी गाडी काढ. डॉक्टरीण बाईला घेऊन ये. म्हनावं, मावशीनं हळदी-कुंकवाला बोलवलंय."

मंगळवारी दुपार टळली तेव्हा पारापाशी गाडा उभा होता, शेंदूर लावलेला. मुंजाजी दोर धरून होता. कमलबाईला खुर्चीवर आणून बसवलेलं. अंग निम्मं झालं होतं, पण नथ घातली होती. बाया पदराखाली हात घेऊन येत होत्या. पदराखालून लिंबं निघत होती. एका घरातून एक, एकातून तीन. खालच्या आळीच्या म्हाताऱ्या सटवाजीनं तर टोपीतच आणली होती. परवा डॉक्टरीणबाईला ज्या दारांनी नाही म्हटलं, त्या दारांची लिंबं बघता बघता बाजूच्या खुंट्यांवर लोंबायला लागली. गाडा पिवळा झाला.

परमेश्वरच्या मागं बसून मॅडम आल्या, त्या गाडीवरून उतरायच्याच विसरल्या.

"एवढी लिंबं कशाची?"

"देवाचं हाय, मॅडम," दत्तराव लगबगीनं आडवा आला. "अंधश्रद्धा समजा. तुमी घरात बसा, सरबत घ्या."

"एका लिंबाला एक मानूस, बाई," धुरपदाबाई मागून म्हणाली.

ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. कपाळाला ठसठशीत कुंकू. हातात एक लिंबू. लोक दोन्ही बाजूंना सरकले. त्या सरकण्याचा आता तिला उपयोग झाला. ती थेट गाड्याच्या तोंडाशी गेली आणि सगळ्यात पुढच्या मोठ्या खुंटीला हात घातला.

"ए! तिथं न्हाई!" दत्तराव ओरडला. "ती मानाची खुंटी हाय. मागं लाव."

"कामून? मुंजाजी, तू गाडा ओढनारा. म्होरली खुंटी कोनाची रं?"

मुंजाजीनं मालकाकडं पाहिलं, गाड्याकडं पाहिलं. गाड्यावर देवी होती. "ज्याच्या घरी बया पयली उतरली त्येची."

"अन् यंदा पयली कोनाच्या घरी उतरली? पारावर तुमीच बोलले, सरपंच. लेकराला इचार म्हनले. इचारू का लेकराला?"

"ते येगळं. हे मानाचं..."

"येगळं कसं? रोग आमी आनला तर मान कोनी न्यायचा? उतरली मपल्या घरी, तर लिंबू मपलं म्होरं. आज मपलं. उद्या परमेश्वरचं. त्याच्या म्होरं नातवाचं. म्होरली खुंटी ऊसतोडवाल्याची, अशी रीत पाडली तुमी. लय उपकार झाले." आणि ती दोरा बांधायला लागली.

दोऱ्याचा एक वेढा पडला. मग खुर्ची करकरली.

"सोड ती खुंटी!" कमलबाई उभी राहिली होती. "कोयतेवालीचं लिंबू म्होरं? मी जित्ती असताना? माझ्या सासऱ्याचं लिंबू ह्या खुंटीला होतं!"

"आई, तू बस. तुला भोवळ यील."

"तवा बया पयली त्यायच्या घरी आली आसंल, आत्याबाई," धुरपदाबाई अदबीनं म्हणाली. दोऱ्याची एक गाठ बसली. "यंदा मपल्या घरी आली. गावानं ठरवलंय."

"गावाला काय कळतंय! पयली मी पडले, मी! हनुमान जयंतीच्या येरवाळी! भंडाऱ्याचं पान मांडलं न्हाई तवर चार डाव परसाकडं जाऊन आले. तवा तुमी कुटं होता गं? फडात! कोयते घासायलते!"

"आई!!"

"पर गाव तर म्हनायलं, तुमी डोळे दाखवायला गेल्त्या," धुरपदाबाईनं दुसरी गाठ हवेतच धरून ठेवली.

"डोळ्याला सलाईन लावत्यात का गं, येडे?"

कुणीतरी फस्सदिशी हसलं आणि लगेच खोकला काढला. डॉक्टर नीलम पुढे आल्या होत्या. त्यांनी पेन कधी काढलं ते कुणी पाहिलं नव्हतं.

"आजी, जयंतीच्या दिवशी? नक्की?"

"नक्की म्हंजे? देवीम्होरं खोटं बोलीन का मी?" कमलबाईनं नथ सावरली. "तुमच्याम्होरं बोलले आसते!"

दत्तरावानं डोकं धरलं. पण आता बांध फुटला होता. सटवाजी टोपी आपटत पुढे आला. "आत्याबाई पयल्या आसतील, पर दुसऱ्या दिशीच माझी दोनी नातरं पडली. दुसरी खुंटी आमची."

"दुसरी? आमचा म्हातारा त्याच सांजंला पडला!"

"सांज कुटली, रात झाल्ती! मीच चिमणी धरली व्हती!"

ज्यांच्या घरी परवापर्यंत कुणीच आजारी नव्हतं, ते आता आधी कोण पडलं यावरून एकमेकांच्या गळपट्टीला जायला लागले. मॅडम एकेकाला थोपवून कोण, कधी, कुठलं घर, पाणी कुठलं, असं विचारत होत्या आणि माणसं हट्टानं सांगत होती, वर शेजाऱ्याची साक्ष देत होती. सगळी खालच्या आळीची, नळाची. वरची आळी बोअरचं पाणी पिते. वरच्या आळीकडं एकही लिंबू नव्हतं, आणि त्या लोकांना त्याचं जरा वाईटच वाटत होतं.

"मॅडम, हे धार्मिक हाय. लिहिता येत न्हाई," दत्तराव कुजबुजला.

"धर्माचं नाही लिहीत मी. जुलाबाचं लिहितेय."

"घरात लग्न हाय हो माझ्या."

"म्हणूनच विचारते. पंगतीला पाणी कुठलं देणार होतात?"

तो वळून गरजला, "मुंजाजी! वढ गाडा! मुहूर्त जायलाय!"

मुंजाजीनं दोर ताणला. गाडा हलला नाही. धुरपदाबाई चाकापुढे पाय रोवून उभी होती, पऱ्हाटीच्या बुडासारखी.

"वढा की. पलीकडं न्या, परदेशी न्या. पर गाड्यामागं मपलं घर येनार न्हाई. बया ह्यायच्या घरची, अन् हद्दपार आमी? बाज उचलायला गडी देनार होता न्हवं, सरपंच? ते गडी आता पाइप उकरायला द्या."

दत्तराव पारावरच्या लोकांकडे वळला. माना आज हलत नव्हत्या.

"खालच्या आळीचा पाइप जातो कुठून?" मॅडमनी विचारलं.

मुंजाजीच्या हातातला दोर सैल पडला. तो पुन्हा एकदा मालकाकडं, पुन्हा एकदा गाड्याकडं बघून म्हणाला, "गटारीतून. सटवाजीकाकाच्या गोठ्याम्होरं जोड हाय. गळतो. तीनदा सांगितलं मी मालकाला."

त्या जागी भर वैशाखात हिरवागार लव्हाळा वाढला होता आणि म्हशी लोळत होत्या. गाव त्याला देवीची कृपा म्हणायचं.

धुरपदाबाईनं खुंटीवरचा दोरा सोडला. लिंबू हातात घेतलं आणि कमलबाईला खुर्चीपासून हाताला धरून पुढे आणलं.

"घ्या आत्याबाई, तुमचा मान तुमाला. कोनी काडून घेत न्हाई." म्हातारीनं ताठ मानेनं आपलं लिंबू बांधलं. धुरपदाबाई गाड्याच्या मागं गेली आणि सगळ्यात शेवटच्या, मोडक्या खुंटीला आपलं बांधलं. "आमी मागून आलाव. आमाला मागलीच बरी."

गाडा त्या दिवशी ओढ्यापर्यंत गेलाच नाही. पलीकडची वाडी काठ्या घेऊन दिवस मावळेपर्यंत उभी होती, आणि कुणीच येत नाही म्हटल्यावर त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं.

पाइप उकरला तेव्हा जोडाच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली सापडली, तीही फाटकी. वरच्या साहेबांनी कागदावरचा 'साथ' हा शब्द कापून 'मर्यादित उद्रेक' असा केला. मॅडमनी कापलेला शब्द दुसऱ्या पानावर पुन्हा लिहिला. राजेश्रीचं लग्न राणीसावरगावच्या मंगल कार्यालयात, टँकरच्या पाण्यावर झालं. वैजीनाथ उठून बसायला लागला. ताक-कण्या मागायला लागला, म्हणजे बरा झाला. तो आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "मी दुसरा-तिसरा न्हाई हां, लय मागचा नंबर हाय माझा."

मृगाला थोडे दिवस उरले तरी दत्तरावाच्या रानातल्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. निरोप दोनदा आला. धुरपदाबाई दोन्ही वेळा म्हणाली, "मालकानं सोता यावं." तिसऱ्या दिवशी दत्तराव मोटारसायकल दारासमोर लावून, उतरून, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. काय बोलला ते गल्लीला ऐकू आलं नाही. बायांनी कान फार ताणले. ती मात्र मोठ्यानं म्हणाली, "येते. अर्धं रान टाकून द्यायची मला सवय न्हाई."

चिमटा त्याच बांधावर होता, उन्हानं तापलेला. ती आणि परमेश्वर तासाला लागले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुंजाजी घागर घेऊन आला आणि सवयीनं म्हणाला, "वंजळ..." मग जीभ चावली.

धुरपदाबाईनं हात पुढं केला. सरळ, तळवा वर. मुंजाजीनं तांब्या भरून त्यावर ठेवला. तिनं तो उचलला, तोंडापाशी नेला आणि तिथंच थांबली.

"मुंजाजी, पानी उकळलंय का रं?"

"आँ?"

"न्हाई, इचारलेलं बरं," ती म्हणाली. "मालकाच्या घरचं हाय."